दोन हार्डडिस्क जोडल्या म्हणून एसएसडी होत नाही

सांगली-मिरजेच्या लग्नशूटिंगवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय: ‘एसएसडीवर पैसे कशाला घालवता? ७२०० आरपीएमच्या दोन हार्डडिस्क रेड झिरोत जोडा. स्पीड दुप्पट, एसएसडीची बरोबरी, आणि डेटा दोन डिस्कवर असल्यानं सेफ.’

एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. रेड झिरो म्हणजे दोन डिस्क जोडून एकच डिस्क म्हणून वापरणं. ‘स्पीड दुप्पट’ हे मोठी फाइल सलग कॉपी करताना खरं आहे. एक डिस्क सेकंदाला २०० एमबी देत असेल तर दोन मिळून ४००च्या आसपास जातात. पण हा आकडा रिकाम्या डिस्कचा. डिस्क भरत आली की डेटा आतल्या ट्रॅकवर जातो आणि वेग जवळजवळ निम्म्यावर येतो.

‘एसएसडीची बरोबरी’ मात्र साफ चूक. ७२०० आरपीएम म्हणजे हार्डडिस्कच्या तबकडीचे मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा तो भाग हेडखाली (डेटा वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा, त्यात हेड सरकायचे आठ-नऊ मिलिसेकंद धरा. एका वाचनाला बारा-तेरा मिलिसेकंद गेले. साध्या साटा (नेहमीच्या केबलवर चालणाऱ्या) एसएसडीला हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात जमतं. दुसरी डिस्क जोडून हे थांबणं कमी होत नाही, कारण स्ट्राइप (एका डिस्कवर एका वेळी जाणारा डेटाचा वाटा) बहुधा ६४ किंवा १२८ केबीची असते आणि ४ केबीचा तुकडा सहसा एकाच डिस्कवर बसतो. एडिटिंगमध्ये मशीन रखडतं ते इथंच: थंबनेल, प्रिव्ह्यू, कॅशे, लाइटरूमचा कॅटलॉग. १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) फोरके फुटेजला सेकंदाला जेमतेम १२.५ एमबी लागतात, तेवढं एकटी डिस्कही देते. तीन कॅमेऱ्यांचं फुटेज एकदम लावलं की हेड इकडून तिकडं धावू लागतं.

खात्री करायची तर डिस्कचा वेग मोजणारं क्रिस्टलडिस्कमार्क चालवा आणि वरची ओळ सोडून शेवटच्या, आरएनडी ४के क्यू१ टी१च्या (विखुरलेले ४ केबीचे तुकडे एकेक करून वाचण्याच्या) ओळीतला रीडचा आकडा बघा. हार्डडिस्क, जोडलेल्या असोत वा सुट्या, सेकंदाला १ एमबीच्या आसपासच घुटमळतात. राइटच्या आकड्यावर जाऊ नका, कॅशेमुळे तो फुगतो.

‘सेफ’ हा शब्द तर मेसेजमधून काढूनच टाकायला हवा. डेटा दोन्हीकडं नसतो, तुकडे करून वाटलेला असतो. एक डिस्क गेली की सगळं गेलं. एक डिस्क वर्षात जाण्याची शक्यता ५ टक्के धरली तर दोघींपैकी एखादी जाण्याची ९.७५ टक्के होते. लग्न पुन्हा शूट करता येत नाही.

त्यापेक्षा विंडोज, कॅशे आणि चालू प्रोजेक्टसाठी एक एसएसडी घ्या, साठवणीला एक मोठी हार्डडिस्क आणि बॅकअपला दुसरी. बॅकअपची डिस्क तळमजल्यावरच्या दुकानात ठेवू नका. २०१९चा महापूर सांगलीत कुणाला नव्यानं सांगायला नको.

रेड झिरो आधीच चालू असेल तर एक लक्षात ठेवा. मदरबोर्डचा सेल उतरला की बायोसचं (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं) सेटिंग रेडवरून एएचसीआयवर (डिस्क सुट्या धरणाऱ्या मोडवर) जाऊ शकतं आणि विंडोज ‘डिस्क इनिशिअलाइझ करा’ म्हणतं. ओके दाबू नका. मशीन बंद करा, सीआर २०३२ सेल बदला, बायोसमध्ये साटा मोड परत रेड करा. अ‍ॅरे (जोडलेल्या डिस्कची जोडी) बहुतेक वेळा जशीच्या तशी दिसते. दिसली की आधी बॅकअप घ्या.