बजेटमध्ये खिडकी बसत नाही

“सर, तुमच्या बजेटमध्ये खिडकी बसत नाही.”

एवढंच म्हणाली ती जहाजाच्या बुकिंगवाली पोरगी. आवाज गोड, मराठी पुण्याकडची. राग यावा असं त्यात काही नव्हतं. पण आमच्या गावात मोबाइलला रेंज येते ती फक्त सेतू केंद्राच्या ओट्यावर. त्यात माझ्या फोनचा कानाला लावायचा स्पीकर गेल्या महिन्यात फवारणीच्या पंपाखाली गेला. तेव्हापासून मला जे ऐकायचं ते अख्ख्या ओट्याला ऐकवूनच ऐकावं लागतं. परवा ओट्यावर चौदा माणसं होती. मी मोजली. अपमान झाला की माणूस आधी साक्षीदार मोजतो.

झालं असं की दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी जहाजानं फिरायला जायचं, हे पुण्याच्या लेकीनं ठरवलं. पैसे मी काढायचे, हेही तिनंच ठरवलं, कारण पुढच्या वर्षी मी शाळेतून रिटायर होतो आणि रिटायर होणाऱ्या माणसाकडे पैसा असतो असा तिचा समज आहे. तिला सिंगापूरहून पेनांग, फुकेत करणारं जहाज हवं. बायकोला लक्षद्वीप हवं. पोराला कुठलंही चालतं, वायफाय पाहिजे. आईला पंढरपूर. सिंगापूर पहिल्याच दिवशी बाद झालं. पासपोर्ट प्रवासानंतरही सहा महिने चालू राहायला हवा म्हणतात, आणि आईच्या जन्मतारखेचा पुरावा म्हणजे ‘त्या साली मोठा पूर आला होता’ एवढाच. राहिली मुंबईहून सुटणारी जहाजं. आमच्या मोर्शी तालुक्यापासून मुंबई सातशे किलोमीटर तरी लांब. पण अमरावतीहून रात्रीची अंबा एक्स्प्रेस धरली की सकाळी सीएसएमटी, आणि तिथून बॅलार्ड पिअर हाकेच्या अंतरावर. इथवर मी जोरात होतो. मग खिडकी आली.

ओट्यावर काकाजी बसले होते. वय ऐंशीच्या घरात, धोतर, डोक्यावर टोपी. शेतकरी योजनेच्या केवायसीसाठी सकाळी नवापासून आलेले. साठ वर्षं विळा आणि डवरा धरून त्यांच्या अंगठ्याच्या रेषा झिजून गेल्यात. सेतूवाला पोट्टा दर पंधरा मिनिटांनी “काकाजी, या” म्हणतो. काकाजी टोपी काढून अंगठा डोक्यावरच्या तेलात घोळतात आणि मशीनवर ठेवतात. मशीन लाल होते. काकाजी परत येऊन बसतात. अशा माणसाकडे वेळ किती असतो, विचारू नका.

“काय म्हने ते बाई? खिडकी नाही?”

“जहाजातली खोली, काकाजी. आतल्या बाजूच्या खोलीला खिडकी नसते.”

“उजेडाले भोक तरी असन?”

“नाही.”

“म्हंजे कोठा.” आमच्याकडे गोठ्याला कोठा म्हणतात.

“एसी असतो त्यात.”

“एसीचा कोठा.”

ओटा हसला. चौदाचे चौदा. पोरगी अजून लाइनवर होती, तिलाही हसू आवरलं नाही, हे मला स्पष्ट ऐकू आलं.

“अन् जाते कुठी हे जहाज?”

मी मास्तर माणूस. प्रश्न आला की उत्तर द्यायचं ही हाडाची खोड. सांगितलं, की एक गोव्याला जाऊन मुंबईत परत येतं. एक लक्षद्वीपला जाऊन मुंबईत परत. आणि सगळ्यात स्वस्त ते दोन रात्रींचं कुठेच जात नाही. समुद्रात जातं, फिरतं आणि मुंबईतच परत.

“पोळ्याचे बैल,” काकाजी म्हणाले. “सजवाचे, तोरनाखालून फिरवाचे, अन् आनून कोठ्यात बांधाचे.”

आता गप्प बसायला हवं होतं. पण मी आठवडाभर रात्री जागून अभ्यास केला होता. तो कुणाला सांगणार? घरी कोणी ऐकत नाही. म्हणून मी काकाजींनाच सांगू लागलो, की जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्याची खोली सगळ्यात कमी हलते. वरच्या मजल्यावर बाल्कनी मिळते, पण नेमका डोक्यावर पोहण्याचा तलाव आला तर पहाटेपासून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो.

“तलाव? जहाजावर?”

“हो.”

“खाली पानी, पान्यावर जहाज, अन् जहाजावर अजून पानी. कायले?”

खरंच, कायले? याचं उत्तर माझ्या अभ्यासात नव्हतं. समुद्राचं पाणी खारं असतं, असं काहीतरी मी बोललो. त्यावर ते फक्त “मंग?” म्हणाले. हा ‘मंग’ मला रात्री झोपेतही ऐकू आला.

लक्षद्वीपची कथा आणखी वेगळी. तिथं मोठं जहाज बेटाला लागत नाही, आजूबाजूचं पाणी उथळ आहे. जहाज लांब उभं राहतं आणि लहान होडीतून बेटावर नेतात. त्या होडीला ‘टेंडर’ म्हणतात. समुद्र खवळला तर टेंडर रद्द, बेट लांबूनच पाहायचं. हे ऐकून ओट्यावरचे एक माजी सरपंच पहिल्यांदाच बोलले.

“टेंडर रद्द झालं तं पैसे वापस भेटते काय?”

त्यांना या विषयाचा अनुभव दांडगा आहे. पुढे मी लिहीत नाही.

तेवढ्यात सेतूवाल्या पोट्ट्यानं मोबाइलवर काहीतरी शोधलं. सिंगापूरकडच्या एका जहाजात म्हणे आतल्या खोलीलाच खालपासून वरपर्यंत स्क्रीन असते, आणि बाहेरच्या कॅमेऱ्यातून तिच्यावर समुद्र दिसतो.

“म्हंजे समुद्रात जाऊन समुद्र टीवीवर पाह्याचा?” काकाजी म्हणाले. “मंग मास्तर, तुमच्या घरच्या टीवीले काय झालं?”

आणि मग त्यांनी माझ्या हातातला फोन सरळ स्वतःच्या तोंडासमोर ओढला.

“बाई, समद्याचे किती?”

“काका, पाच जणांचे एक लाख वीस हजार. पोर्ट चार्जेस आणि टिप वेगळी. टिप माणशी, रोजची.”

“टिप तं खुशीनं देतेत ना?”

“नाही काका, ती कंपल्सरी असते.”

“जबरीची खुशी,” काकाजी आमच्याकडे वळून म्हणाले. मग डोळे मिटले, बोटांची पेरं मोजली. “तीस क्विंटल.”

सोयाबीन. चार हजारानं धरलं तर बरोबर तीस. आमच्याकडे हेच चलन.

“अन् खिडकीची खोली?”

“वीस हजार जास्त, काका. बाल्कनीचे साठ.”

“पाच क्विंटल खिडकी. पंधरा क्विंटल बाल्कनी. दोन एकर जमीन नुसत्या बाल्कनीत!” आणि मग अगदी हळू, घरच्या पोरीला विचारावं तसं, “बाई, खिडकी उघडते तं ना?”

पलीकडे शांतता.

“नाही काका. ती बंदच असते. काचेतून बघायचं.”

“पाच क्विंटलची, अन् उघडत बी नाही!”

यावर जो हशा झाला त्यात मीही हसलो. हसायलाच लागतं अशा वेळी. पण आतून मी चिडलो होतो, आणि कोणावर ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. पोरीवर नाही. काकाजींवर तर नाहीच. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि माझ्या मालाला व्यापाऱ्यानं ओलावा, डाग, मातेरं असं काय काय दाखवून चार हजाराच्या आत काढला. खरं तर हमीभाव मिळता तर तीस क्विंटलात खिडकी बसून वर पैसे उरत होते. हा हिशेब मी ओट्यावर मोठ्यानं केला नाही. उभा जन्म मी खिडक्यांसमोर उभा राहिलो आहे. सातबाऱ्याची खिडकी, बँकेची खिडकी, रिझर्वेशनची खिडकी. नंबर आला की जेवायची सुट्टी व्हायची, ते वेगळं. पण एकही खिडकी कधी माझ्या बजेटबाहेर गेली नव्हती.

मी म्हटलं, “काकाजी, पाणी पाहायला माणूस जातोच ना. सिंभोऱ्याला धरणाचे तेराही दरवाजे उघडले की अर्धा तालुका जातो.”

“जाते. फुकट जाते,” ते म्हणाले. “माह्यं घरच त्या पान्याखाली हाये मास्तर. मी तं पाह्यला जाऊन एक पैसा नाही भरला.”

ओटा परत हसला. मग हसू अर्ध्यावर थांबलं. काकाजी स्वतः हसत नव्हते, रडतही नव्हते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या विहिरीचे दगड उघडे पडतात, तेव्हा एखाद्या दिवशी जाऊन बसतो, म्हणाले. ‘सी-व्ह्यू’ हा शब्द त्यानंतर माझ्या तोंडून निघाला नाही. पोरगीनं “सर, मी ऑप्शन्स व्हॉट्सअ‍ॅप करते” म्हणून फोन ठेवला.

“काकाजी, या,” पोट्ट्यानं आवाज दिला. टोपी, तेल, अंगठा. लाल.

घरी ऑप्शन्स आले. बायको म्हणाली, खोलीत झोपायलाच तर जायचं, खिडकी कशाला? ‘गॅरंटी केबिन’ स्वस्त पडते म्हणून तिनं त्यावर बोट ठेवलं. वाचलं तर कळलं, की त्यात खोली कुठली, कुठल्या मजल्यावर, जिन्याशेजारी की इंजिनावर, हे कंपनी मागाहून ठरवते. गॅरंटी फक्त खोली मिळण्याची. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “खिडकी नाही तं सकाई सूर्याले हात कोन्या भिताडाले जोडू?”

म्हणजे पाच क्विंटल वाढले.

आज सकाळी अमरावतीला निघालो होतो, बँकेत. स्टँडवर पाय ठेवला तोच पानठेल्यावरून हाक आली, “मास्तर, खिडकी भेटली का?” पुढे सलूनवाला. मग किराणावाला, ज्याचे मी पैसे देणं लागतो, तो जरा जास्तच प्रेमानं. गाडी गच्च भरलेली. मी दांडा धरून उभा राहिलो, तर कंडक्टर लांबून ओरडला, “ए पोट्ट्या, ऊठ तिथून. मास्तरले खिडकी दे!”

गाडीतलं एकूण एक माणूस हसलं. पोट्टा उठला. मी बसलो. वाटेत पाऊस आला, मी काच ओढली. हलली नाही. दोन्ही हातांनी ओढली. शेजारच्या बाईनं छत्री उघडून धरली आणि म्हणाली, “राहू द्या भाऊ, ते बंद नाही होत.”