‘बायका घरी बसून खातात’ म्हणे, मग हे बंडल कोण संपवतं?

गेले आठ दिवस तो मेसेज फिरतोय, मला तीन ग्रुपवर आला आणि एकदा तर सख्ख्या मामांनीच पाठवला. त्यात असंय की ठाण्याजवळच्या मुंब्र्यासारख्या मुस्लिम वस्त्यांमधे एक कमावतो नि दहा खातात, बायका काहीच काम करत नाहीत, घरी बसून खातात, पैसा सगळा नवऱ्याच्या हातात, पोरं सात-आठ, आणि वर लाडकी बहीणचे पैसे सगळे तिकडेच जातात. खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘जागे व्हा’.

मी कळव्यात एका छोट्या रेडिमेड कपड्यांच्या कारखान्यात हिशेब लिहिते, नऊ वर्षं झाली. शिलाई आमच्याकडेच होते पण धागा कटिंग, बटणं, लेस, स्टोन चिकटवणं हे सगळं बाहेर जातं आणि बाहेर म्हणजे बहुतेक मुंब्रा नि कौसा. म्हणून म्हटलं यावर लिहावंच.

आधी ते ‘काम करत नाहीत’. मेसेज वाचून मी रजिस्टर उघडलं, बाहेरच्या कामाची 34 नावं, त्यात बाईची फक्त 5. बाकी सगळे पुरुष. का, तर कपड्यांचं बंडल न्यायला मुलगा नाहीतर नवरा येतो, मग नाव त्याचंच लागतं. आता घरी मांडी घालून कुर्त्यांचे धागे कापणारा पुरुष मी तरी अजून पाहिलेला नाही. सर्व्हेवाला दारात आला की पण हेच होतं, ‘काम करता का’ विचारलं की ती म्हणते नाही, घरीच असते, आणि तो तसंच लिहून घेतो. सरकारी आकड्यांत मुस्लिम बायकांचं कामातलं प्रमाण फार कमी दिसतं हे खरंय, आणि पुष्कळ घरांत बायकांना बाहेर कामाला पाठवत नाहीत हेही खरंय, ते मी नाकारत नाही. पण देशातल्या मुस्लिमांची परिस्थिती बघणाऱ्या सच्चर समितीच्या 2006 च्या रिपोर्टात हेही आहे की ज्या मुस्लिम बायका काम करतात त्यातल्या 70 टक्के स्वतःच्याच घरात बसून करतात, सगळ्या धर्मांच्या बायका मिळून धरल्या तर हाच आकडा 51. म्हणजे घरी बसतात ते बरोबर, पण बसून काय करतात ते बघायला कोणी वर चढत नाही.

मी चढलेय. अमृत नगरला चौथ्या मजल्यावर एक खाला, म्हणजे मावशी, आहेत, बंडल उशिरा आलं म्हणून एकदा चौकशीला गेले होते. एकच खोली, खिडकीपाशी चटई, बाजूला आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात कापलेले धागे. एका पिसामागे, म्हणजे एका कपड्यामागे, सव्वा रुपया. शंभर पिसांचे सव्वाशे, आणि स्वयंपाक, पाणी भरणं, सासूचं औषधपाणी सांभाळून त्याला दोन दिवस जातात. लाईटबिल त्यांचं, कटर त्यांचा. कपड्याला डाग पडला तर त्या पिसाचे पैसे कट, म्हणून फोडणी द्यायच्या आधी सगळं बंडल उचलून कपाटावर जातं आणि भाजी झाली की परत खाली. शाळेतून आली की मुलगी पण बसते सोबत, हे मला आवडलं नाही पण होतं असं. आणि स्वयंपाकपाणी म्हणजे काम नाहीच असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी, 2024 च्या टाइम यूज सर्व्हेत, म्हणजे लोकांचा दिवस कशात जातो त्याच्या सरकारी पाहणीत, देशभरात घरकाम करणाऱ्या बायकांचा, सगळ्या धर्मांच्या, बिनपगारी घरकामाचा वेळ दिवसाला 289 मिनिटं आलाय आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा 88. ह्यात माझे मामा पण आले.

‘एक कमावतो’ बद्दल एवढंच सांगते की खालांचा नवरा शिफ्टवर रिक्षा चालवतो, 2020 च्या लॉकडाऊनमधे रिक्षा उभी होती तेव्हा घर चाललं ते खालांनी शिवलेल्या मास्कवर.

पैसा नवऱ्याच्या हातात? काही घरांत असतो, जसा आमच्या पण काही घरांत असतो. पण कायद्याने बघाल तर मुस्लिम बाईची कमाई आणि मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्याने तिला द्यायची रक्कम, तिचीच, घर चालवायची जबाबदारी नवऱ्याची. आता गरिबाघरी एवढा हिशेब वेगळा राहत नाही, तिचे पैसे ट्यूशनच्या फीमधे नि घराच्या डिपॉझिटमधे जातात. पण जातात ते तिच्या हातून. बिल्डिंगमधल्या बारा जणींची भिशी आहे, त्या बीसी म्हणतात, महिन्याला हजार, नंबर चिठ्ठीने, आणि कोणाकडे लग्न किंवा आजारपण असेल तर चिठ्ठी न काढता आधी तिला. हिशेब एका शाळेच्या वहीत असतो. नऊ वर्षं हिशेब लिहिणारी बाई म्हणून सांगते, वही चोख आहे.

सात-आठ पोरांचं तर फारच जुनं झालं. सरकारचाच कुटुंब आरोग्य सर्व्हे बघा, 1992-93 ला मुस्लिम बाईमागे मुलं 4.4 होती ती 2019-21 ला 2.36 वर आली. हिंदूंचं तेव्हा 1.94 होतं, म्हणजे फरक आहे पण सात-आठ कुठून काढलं देव जाणे.

आणि लाडकी बहीणला अट धर्माची नाहीच, कुटुंबाच्या उत्पन्नाची आहे, वर्षाला अडीच लाखांच्या आत. माझ्या मामींचा पण फॉर्म भरलाय, मामांनीच.

हे सगळं मी मामांना लिहून पाठवलं, त्यांनी नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवला. खरं तर मला मामांपेक्षा आमच्या सेठचं जास्त लागलं. दिवाळीआधी त्यांना म्हटलं होतं, तीन वर्षं सव्वा रुपयाच आहे, दीड तरी करा. तर म्हणाले, अगं कशाला, घरीच तर बसून करतात.