दोन हजारात मराठवाडा? भावा, पेट्रोलच एकवीसशेचं लागतं

गेला महिनाभर एक रील फिरतेय, आणि तिचाच मजकूर करून व्हॉट्सॲपवर पण, मला तर एकट्याला अकरा जणांनी पाठवली कारण मी बाईक घेऊन हिंडतो हे सगळ्यांना माहितीय. "२,००० रुपयांत ५ दिवस, आख्खा मराठवाडा, सोलो." पोरगा बोलतो छान, ड्रोनचे शॉट भारी आहेत. म्हणणं असं: एकटं गेलं की खर्च निम्मा, समृद्धीवरून सुसाट जा, राहायला कुठंही टेंट टाका नाहीतर रात्रीच गाडी चालवा, जेवण देवस्थानात आणि लंगरात फुकट, सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ म्हणजे गर्दी लागत नाही, मग लोणार, आणि हे सगळं मे महिन्यात करा कारण तेव्हा लॉज स्वस्त. शेवटी हळू आवाजात, सोलो म्हणजे पाच दिवस कुणाशी बोलायचं नाही, फक्त स्वतःशी.

मी लातूरचा. हाच फेरा मी गेल्या डिसेंबरात एकशेपंचवीस सीसीच्या गाडीवर एकट्यानं केलाय, लातूर नांदेड औंढा जिंतूर जालना संभाजीनगर, तिथून अजिंठा आणि वेरूळ, परत येताना पैठण बीड अंबाजोगाई. स्वस्तात होतो, मजा पण येते. पण तो पोरगा सांगतो तसा होत नाही, आणि त्याचं ऐकून कुणी निघालं तर एकदोन ठिकाणी जीवावर बेतेल म्हणून हे लिहितोय.

पहिलं, खर्च निम्मा. अरे कसा? गाडी काय एकटा बसला म्हणून अर्ध्या पेट्रोलवर चालते का. हा फेरा साडेनऊशे ते हजार किलोमीटर होतो, गाडी पन्नासचं ॲव्हरेज देते धरलं तरी वीस लिटर, लिटरला एकशेपाचच्या आसपास, झाले एकवीसशे. म्हणजे रीलचं आख्खं बजेट टाकीतच गेलं, अजून चहा पण प्यायला नाही. त्यात परभणी जिल्ह्यात पेट्रोल राज्यातल्या सगळ्यात महागांपैकी, कारण टँकर मनमाडच्या डेपोतून तीनशेक किलोमीटर येतो आणि ते भाडं आपल्याच डोक्यावर, त्यामुळं जिंतूरला टाकी फुल्ल न करता जालन्यापर्यंत ढकलली तर थोडे वाचतात, पण थोडेच. खोलीचं पण तेच, डबल बेडच्या खोलीत एकटा झोपला म्हणून कुणी अर्धे घेत नाही. माझा हिशोब मोबाईलमध्ये लिहिलेला आहे: पेट्रोल २,१४०, चार रात्री २,१५० (नांदेडला साडेतीनशे, संभाजीनगरला सहाशेनं तीन), खाणंपिणं १,३००, तिकिटं पार्किंग आणि अजिंठ्याची बस मिळून २५०, पंक्चर आणि चेनचं ऑईल १५०. एकूण ५,९९०. हेच मागं मित्र असता तर प्रत्येकाला चारेक हजारात भागलं असतं. एकटं फिरणं महाग पडतं, फक्त त्यात कुणाची वाट बघावी लागत नाही, मी तरी त्याचे पैसे मोजतो.

समृद्धीचं वाचून तर हसूच आलं. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, पहिल्यापासून आहे. ७०१ किलोमीटरचा रस्ता, ताशी १२० नं गाड्या पळतात, तिथं बाईक घेतच नाहीत आणि ते बरंच आहे. ड्रोनमध्ये रस्ता दिसतो पण त्यावर याची बाईक एकदाही दिसत नाही, नीट बघा. आणि टोलचं म्हणाल तर राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावर दुचाकीला टोल नसतोच, बाजूच्या लेननं सरळ निघायचं. तुळजापूर लातूर नांदेड हा रस्ता आता मस्त झालाय, सोलापूर बीड संभाजीनगर पण चांगला. वाट लागते ती आतल्या रस्त्यांना, आणि त्याला नुसता कंत्राटदार जबाबदार नाही (तोही आहेच म्हणा), काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात भेगाळते, वरचं डांबर तिच्यासोबत वरखाली होतं, म्हणून खड्डा नसलेल्या रस्त्यावर पण गाडी होडीसारखी डुलते.

आता टेंट. हा मुद्दा मी स्वतः करून बघितलाय म्हणून जरा लांबण लावतो. त्याच्या आदल्या वर्षी जूनमध्ये अंबाजोगाईच्या अलीकडं एका शेताच्या बांधावर टाकला, मालकाला विचारून. रात्री दोनला पाऊस. टेंट टिकला, मी कोरडा, सकाळी एकदम खुश. गाडीकडं गेलो तर साईड स्टँड मातीत रुतून गाडी आडवी पडलेली. उचलली, चालू केली, दहा फूट गेली नाही तर पुढचं चाक जाम. काळी माती चाकाला धरते, मडगार्डच्या आत जाऊन बसते, वर अजून थर चढतो, मग चाक फिरतच नाही, ब्रेक लागल्यासारखं. काडीनं उकरायची, पाच फूट ढकलायची, परत उकरायची. शेवटी दहा नंबरच्या पान्यानं पुढचं मडगार्डच काढून पाठीवरच्या सॅकला बांधलं. डांबरी दिसत होती, तीनशे मीटर पण नसेल, तिथं पोचायला दीड तास लागला आणि एक चप्पल अजून त्या शेतातच आहे. मालक बांधावर बसून बघत होता, म्हणला, "पाऊस येणार हाय हे सांगितलं असतं, पण तुम्ही इचारलंच न्हाई."

तरी तो चांगला माणूस होता. पण "कुठंही" टेंट टाकता येत नाही. कुणाचं तरी रान असतं, हरभरा नाहीतर ज्वारी असते, रात्री डुकरं हाकलायला लोक बॅटऱ्या घेऊन फिरतात आणि अंधारात तुमचा टेंट बघून त्यांना काय वाटेल ते सांगता येत नाही. साप वेगळेच. आणि डिसेंबरात म्हणाल तर परभणीत पारा पाच अंशाच्या खाली गेलेला आहे, मराठवाडा म्हणजे नुसतं ऊन समजून पातळ चादर घेऊन याल तर कुडकुडाल.

"नाहीतर रात्रीच गाडी चालवा, लॉजचे पैसे वाचतात." हे वाक्य त्यानं काढून टाकावं अशी माझी खरंच विनंती आहे. ऊस तुटायला लागला की, म्हणजे दिवाळीनंतर ते पार मार्चपर्यंत, आमच्याकडच्या रस्त्यांवर डबल ट्रॉल्या असतात. ट्रॅक्टरला मागं दोन ट्रॉल्या, रस्ता भरून ऊस बाहेर आलेला, आणि बऱ्याच जणांना मागं ना लाईट ना रेडियम. केजच्या अलीकडं एकदा संध्याकाळी साडेसात वाजता, म्हणजे रात्र पण म्हणता येत नाही, समोरून येणाऱ्या ट्रकचा डिप्पर डोळ्यावर आला आणि तो जाईपर्यंत मला पुढं फक्त काळं दिसत होतं, ते काळं म्हणजे ट्रॉली होती. मी डावीकडं कच्च्यात उतरलो म्हणून वाचलो, आरसा उसाला घासून वाकला. त्यानंतर साडेसहाला गाडी लावून टाकायची हा माझा नियम आहे. सहाशे रुपये वाचवायला हा धंदा करू नका.

मग राहायचं कुठं? इथं रीलवाल्यानं एक गोष्ट सांगितलीच नाही आणि एकट्याची खरी अडचण तीच आहे, एकट्याला खोली लवकर देत नाहीत. भक्त निवासात पण काही ठिकाणी फॅमिली असेल तरच. संभाजीनगरात स्टँडजवळच्या पहिल्या दोन लॉजनी आधार कार्ड बघून परत दिलं. तिसऱ्यानं विचारलं, "कुठून आलाव? एकटेच? काय काम काढलंत?" म्हणलं फिरायला आलोय. "फिरायला? एकटे?" असं म्हणून माझ्याकडं असा बघायला लागला की मलाच माझी काळजी वाटली. त्यांची भीती समजते, एकट्या माणसानं खोलीत काही बरंवाईट करून घेतलं तर पोलीस, पंचनामा, सगळं लचांड त्यांच्या मागं लागतं. शेवटी म्हणला घरी फोन लावा. चौतीस वर्षाचा मी, वडिलांना फोन लावून दिला, दोघं पाच मिनिटं पाऊसपाण्याचं बोलले, मग चावी मिळाली. तेव्हापासून मी दुपारीच फोन करून विचारतो, एकटा आहे, बाईक आहे, तीन रात्री राहणार, देता का. तीन रात्री म्हणलं की नरम पडतात.

लंगर. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात लंगर आहेच, कुणालाही आहे, डोकं झाकायचं, पंगतीत बसायचं, रोटी दोन्ही हात पुढं करून घ्यायची. तिथं १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी देह ठेवला, शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे मुख्य धर्मपीठांपैकी एक आहे ते, त्याला "फ्री फूड हॅक" म्हणणं मला तरी पटलं नाही. जेवा की, पण जेवून झाल्यावर तासभर भांडी घासायला बसा, कुणी सांगत नाही, कुणी अडवत पण नाही. आणि पाच दिवसांतला हा एक मुक्काम झाला, बाकी चार दिवस काय? बाकी चार दिवस भाकरी, पिठलं नाहीतर शेव भाजी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, दीडशे दोनशेत माणूस दोन वेळा पोटभर जेवतो, यात हॅक लागतच नाही. बालाघाटच्या डोंगराच्या बाजूला ऑक्टोबर नोव्हेंबरात आलात तर रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या असतात.

सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ, गर्दी नसते म्हणे. नसणारच! अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं. मला वाटतं हा एवढा एक मुद्दा पुरेसा होता, बाकीचं लिहायची गरज नव्हती. अजिंठ्याला अजून एक आहे, गाडी फर्दापूरच्या टी पॉईंटला लावावी लागते, पुढचे चारेक किलोमीटर त्यांच्याच बसनं, त्यामुळं तिकिटाचे चाळीस रुपये धरून बसू नका, वरचे पण लागतात. वेरूळला दिवस ठेवा, ३४ लेण्या आहेत, लोक कैलास बघून परत फिरतात. येताना देवगिरी किल्ला, तिथल्या अंधारी नावाच्या काळोख्या वाटेत वटवाघळांचा वास सहन करायची तयारी ठेवून. आणि लोणार मराठवाड्यात नाही हो, बुलढाणा जिल्ह्यात आहे, म्हणजे विदर्भ. जा जरूर, जालन्यावरून जवळ पडतं, पण आख्खा मराठवाडा म्हणून लोणार दाखवायचं आणि नळदुर्गचा पाणी महाल, तेरचं संग्रहालय, परंड्याच्या तोफा, खरोसा लेणी, माहूर यातलं एक नाव घ्यायचं नाही, याला काय म्हणायचं. मी स्वतः पण या फेऱ्यात यातलं काही केलं नाही, पाच दिवसात होतच नाही, पण मी आख्खा म्हणत नाही.

मे महिना. लॉज स्वस्त का असतो तेव्हा, कुणी येत नाही म्हणून. का येत नाही, तर बेचाळीस त्रेचाळीस डिग्री असतं म्हणून. दुपारी बाराला कातळात कोरलेल्या लेणीच्या अंगणात अनवाणी पाय टेकवून बघा फक्त.

ज्यांना बाईकचा हट्ट नाही त्यांच्यासाठी मधेच एक सांगतो, एसटीचा "आवडेल तेथे प्रवास" पास असतो चार दिवसांचा आणि सात दिवसांचा, त्यात वाट्टेल तेवढं हिंडता येतं. बायकांना तर २०२३ पासून एसटीत अर्धंच तिकीट आहे, माझी मामेबहीण एकटी तशीच तुळजापूर, पैठण, वेरूळ करून आली आणि तिचा खर्च माझ्यापेक्षा बराच कमी निघाला, ते ती दर सणाला सगळ्यांसमोर सांगते.

राहिलं ते कुणाशी बोलायचं नाही वगैरे. मराठवाड्यात? चहा प्यायला थांबलं की पहिला प्रश्न गाव कोणतं, दुसरा गाडी ॲव्हरेज किती देती, तिसरा लग्न झालं का. शेवटच्या दिवशी अंबाजोगाईवरून लातूरकडं येत होतो आणि माझ्या लक्षातच नव्हतं की त्या दिवशी येळवस आहे, म्हणजे रानात जाऊन जेवायचा शेतकऱ्यांचा सण. वेळ अमावस्येला आमच्याकडं गावंच्या गावं रानात असतात, दुकानं बंद, हॉटेलं बंद. सकाळपासून पोटात एक चहा आणि दोन बिस्किटं. रेणापूरच्या अलीकडं चेन खडखड करायला लागली म्हणून थांबलो तर शेतातल्या कडब्याच्या कोपीजवळून एक आजोबा ओरडले, "कुठं चाललाव उपाशी? या की हिकडं!" मी म्हणलो नको, घरी वाट बघतेत. दोन पोरं पळत आली आणि हेल्मेटच घेऊन गेली. मग काय, भज्जी (भजी नव्हे, भाज्या आणि शेंगादाण्यांची मिसळ भाजी), बाजरीचे उंडे म्हणजे गोळे, गव्हाची खीर, मडक्यातली गार आंबील तीन पेले. उठून देईनात. वर डबा भरून दिला, तो अजून माझ्याकडंच आहे, परत करायला जायचंय. त्या जेवणाचा खर्च शून्य रुपये, तेवढं मात्र रीलवाल्याचं बरोबर निघालं.