प्लेट कधीही तोलून घेऊ नका

भाजीवाला अर्धा किलो भेंडी तोलत असताना काटा जरा लटपटला, की आपण लगेच 'दादा, परत लावा' म्हणतो. सोनाराकडे तर डोक्यावरचा पंखा बंद करायला लावतो. जिमच्या प्लेटची, म्हणजे रॉडच्या टोकाला घालायच्या वजनाच्या चकतीची, गोष्ट वेगळी. तिला जन्मात एकच काम आहे, ते म्हणजे ठरलेल्या वजनाची असणं, आणि ती विकली जातेही किलोच्या भावाने. तेव्हा तिच्यावर '२० किलो' असं ठसठशीत ओतलेलं असताना ती काट्यावर ठेवणं म्हणजे सरळसरळ अविश्वास झाला. पॉवरलिफ्टिंगसाठी, म्हणजे स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन बसून उठणं), बेंचप्रेस (पाठीवर झोपून छातीवरून रॉड ढकलणं) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलणं) यांच्यासाठी, प्लेट घ्यायला निघालात, तर हा एक नियम पाळा, बाकी सगळं आपोआप बिघडेल.

पहिली खरेदी २८–३० मिलिमीटर भोकाच्या प्लेटची करा. स्वस्त असतात, सोबत रॉड येतो, ग्लोव्ह्ज येतात, कधी दोरीच्या उड्यांची दोरीही येते. काळ्या प्लास्टिकच्या कवचात सिमेंट-वाळूचा माल भरलेल्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. दोन-चार वेळा जमिनीवर आपटल्या की शिवण उलते आणि फरशीवर भुकटी पडते. रोज थोडं वजन कमी होतं, त्यामुळे ताकद वाढल्यासारखी वाटते. सहा-आठ महिन्यांत स्क्वॉट शंभर किलोंकडे सरकला की तो बारीक रॉड खांद्यावर धनुष्य होतो. मग कळतं की खऱ्या रॉडची बाही (प्लेट जिच्यावर चढते ते जाड टोक) ५० मिलिमीटरची असते आणि जुनी एकही प्लेट तिच्यावर जात नाही. सगळं नव्याने घ्या. जुना माल भंगारवाला घेईल. सिमेंट मात्र तोही घेत नाही.

५० मिलिमीटरच्या प्लेट घेतानाही भोक मोजू नका. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमात भोक ५२ ते ५३ मिलिमीटरच्या आत हवं. बाजारात ५५ची मिळते, मोकळीढाकळी, हवेशीर. अशी प्लेट बाहीवर तिरकी बसते, प्रत्येक रेपला (उचलीला) खडखडते आणि लॉक लावलं तरी हळूहळू बाहेर सरकते. उलट काहींच्या भोकात रंगाचा इतका जाड थर असतो की प्लेट अर्ध्यात अडकते आणि काढताना शेजाऱ्याला हाक मारावी लागते. लेथवाल्याकडे मागितला तर व्हर्नियर (भोक मोजायचं साधन) फुकट मिळतो आणि मोजायला अर्धं मिनिट लागतं. म्हणूनच मागू नका. रबरी प्लेट असेल तर भोकातली पोलादी रिंग अंगठ्याने हलवूनही बघू नका. ती आज हलत असेल, तर वर्षभरात रिंग रॉडवर राहील आणि रबर जमिनीवर.

रंगावर मात्र पूर्ण विश्वास ठेवा. स्पर्धेत २५ किलोची लाल, २०ची निळी, १५ पिवळी आणि १० किंवा त्याखालची कुठल्याही रंगाची, असा कडक शिरस्ता आहे. आपल्याकडे रंग दुकानदाराकडे त्या दिवशी काय शिल्लक आहे त्यावर ठरतो. लाल १५ आणि पिवळी २० मिळाली तर जरूर घ्या. चौथ्या सेटला डोळ्यांपुढे काजवे चमकत असताना रॉडवर नक्की किती आहे, हे कुणालाच सांगता येऊ नये.

आता वजन. भारतात मेट्रिक वजनं १ ऑक्टोबर १९५८पासून आली. शेर गेला, छटाक गेली, पण ओतकामाच्या भट्टीतला 'अंदाजे' गेला नाही. किराणा दुकानाच्या काट्यावर वैध मापन खात्याचा शिक्का लागतो. जिमच्या प्लेटवर तो शोधत बसू नका. स्पर्धेच्या प्लेटला पाव टक्क्याची सूट असते, म्हणजे २० किलोला ५० ग्रॅम. साध्या बिडाच्या प्लेटमध्ये तीन टक्के इकडेतिकडे होणं अगदी घरगुती बाब आहे. ते होतात ६०० ग्रॅम. साच्यात वाळू किती दाबली, धातू कुठे पोकळ राहिला, वरून रंगाचे किती हात मारले, यावर ते ठरतं. त्यात कुणाचा कट नसतो. फक्त कुणी तोललेलं नसतं.

समजा २०च्या चार प्लेट आणल्या. खऱ्या तोलल्या तर २०.४, २०.२, १९.५ आणि १९.३ भरतील. तुम्हाला हे माहीत नाही, म्हणून हाताला आल्या तशा घातल्या. डावीकडे पहिल्या दोन, ४०.६. उजवीकडे उरलेल्या दोन, ३८.८. पावणेदोन किलोंहून जास्त फरक. आता स्क्वॉटमधून उठताना डावी बाजू मागे राहते. हा फरक प्लेटचा असेल असं मनातही आणू नका. व्हिडिओ काढा, डावा गुडघा पडताळा, बूट बदला, फिजिओकडे जा, एका पायाचे व्यायाम सुरू करा. तीन महिने सहज निघतात. २०.४सोबत १९.३ आणि २०.२सोबत १९.५ लावली असती, तर दोन्हीकडे ३९.७ भरले असते आणि फिजिओचा धंदा बुडाला असता.

तोलण्याची साधी रीतही लक्षात असू द्या, म्हणजे ती टाळता येईल. रद्दीवाल्याचा लटकता इलेक्ट्रॉनिक काटा, प्लेटच्या भोकातून ओवलेली दोरी, प्रत्येक प्लेट दोनदा. काटा खरा आहे का ते आधी तांदळाच्या सीलबंद पिशवीवर बघायचं. आकडा पांढऱ्या ऑइल पेंटने प्लेटच्या मागच्या बाजूला लिहायचा आणि जोड्या लावायच्या. दुकानात प्लेट जास्त असतील तर वीस तोलून त्यातल्या जुळणाऱ्या आठ निवडायच्या. दुकानदार कुरकुरेल, पण माल किलोच्या भावाने देतोय म्हटल्यावर त्याला नाही म्हणायला तोंड नसतं. अंघोळीच्या खोलीतला वजनकाटा यासाठी वापरणारे धीट लोकही आहेत. तो सव्वीस वेळा उभं राहिलं की सव्वीस आकडे दाखवतो, त्यातला आवडेल तो घ्यावा.

पौंडाच्या प्लेट स्वस्तात मिळाल्या तर किलोंच्यात मिसळून टाका. ४५ पौंड म्हणजे २०.४१ किलो, एकीकडे पौंडी, एकीकडे किलोची लावली की हिशेब ज्याचा त्याने करावा.

व्यासाकडे बघू नका. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर, म्हणजे रॉडचा मध्य जमिनीपासून साडेबावीसवर. तुमची २० किलोची प्लेट ४० सेंटीमीटरची निघाली, तर रॉड अडीच सेंटीमीटर खाली येतो. डेडलिफ्टमध्ये अडीच सेंटीमीटर किती असतात, हे तुमची कंबर तुम्हाला समजावून सांगेल. बारा कोनांची प्लेट घेतलीत तर आणखी बरं: दर रेपला ती वेगळ्या कोनावर टेकते, रॉड पुढे चालू लागतो आणि तुम्ही त्याच्या मागे.

जाड रबरी बंपर (आपटायच्या प्लेट) तर घ्यायलाच हवेत, कारण ते व्हिडिओत भारी दिसतात. ते बनलेत डोक्यावरून वजन सोडणाऱ्यांसाठी. पॉवरलिफ्टिंगमध्ये डेडलिफ्ट दोन्ही हातांच्या ताब्यात खाली आणावा लागतो, सोडला तर लिफ्ट बाद. पण आपल्याला काय, आपण सोडणार. रबर लोखंडाच्या मानाने हलकं, म्हणून २०चा बंपर आठ-आठ सेंटीमीटर जाड. बाहीवर वापरायला जेमतेम ४१–४२ सेंटीमीटर. म्हणजे एका बाजूला पाच बसले की लॉकला जागा नाही आणि तुमची कमाल २२०वर थांबली. सोसायटीतल्या खालच्या मजल्याची दया येत असेल, तर बिडाच्या प्लेटखाली जाड रबरी मॅट टाकूनही काम भागतं. पण मॅटचा फोटो चांगला येत नाही.

छोट्या प्लेट तर अजिबात घेऊ नका. सव्वा किलोची जोडी ही कंजूष माणसाची चैन आहे. २० किलोच्या रॉडवर २०च्या दोन जोड्या आणि १५, १०, ५, अडीच, सव्वा यांची एकेक जोडी घेतली, तर १६७.५पर्यंत प्रत्येक अडीच किलोची पायरी मिळते. त्याऐवजी १०च्याच आठ प्लेट घ्या. बेंचप्रेस ८०वर अडकला की पुढची पायरी थेट १००. पाठीवर झोपून छातीवर रॉड घेऊन पडलेला माणूस पुढच्या पायरीचा निवांत विचार करू शकतो.

या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला कॅलिब्रेटेडवाले, म्हणजे अचूक वजन जुळवलेल्या प्लेटवाले, असतात. पातळ पोलादी प्लेट, मागच्या बाजूला वजन जुळवायची बुचं, किंमत ऐकून घरच्यांना पाणी द्यावं लागतं. खरं तर रोजच्या सरावाला एक टक्क्याच्या आतली, ४५ व्यासाची, भोक नीट कातलेली बिडाची प्लेट पुरते. चूक दर वेळी तीच असली म्हणजे झालं. पण हे त्यांना सांगू नका. ज्यांचा स्क्वॉट अजून ७० किलोंचा आहे आणि खाली किती बसायचं ते अजून ठरायचं आहे, त्यांनी कॅलिब्रेटेड आधी घ्याव्यात, रॅक (रॉड टेकवायची चौकट) नंतर.

मेरठ किंवा जालंधरहून मागवताना वाहतूक विचारू नका, तीही किलोवरच लागते. बंद पडलेल्या जिमच्या जुन्या प्लेट स्वस्त मिळतात, त्यांकडे पाठ फिरवा. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि रंगाच्या एका हाताने जातो ही अफवा आहे. मुंबई-कोकणात नवी प्लेट घेऊन पहिल्या पावसाळ्यात खिडकीखाली ठेवली की तीही गंजतेच, मग जुनी कशाला घ्यायची?

रॉडही अर्थात तोलायचा नाही. २०चा म्हणून दिलेला १८.२ भरतो. त्यावर १९.३च्या आठ जाड रबरी प्लेट घाला. तोंडी हिशेब १८०, खरं वजन १७२.६. प्रत्येक बाजूला ३२ सेंटीमीटर रबर, भार टोकांकडे, त्यामुळे ओढताना रॉड आधी मधोमध वाकतो, तुम्ही निम्मे उभे राहिल्यावर प्लेट जमीन सोडतात. स्पर्धेत १८० म्हणजे लॉकसकट २५चा रॉड, दोन्हीकडे तीन-तीन लाल आणि एकेक अडीचची. सगळं मिळून बाजूला जेमतेम दहा सेंटीमीटर. रॉड वाकत नाही, पहिल्या सेंटीमीटरपासून सगळं वजन हातात. पहिल्याच प्रयत्नात तो तसूभर हलला नाही, तर शांतपणे बेल्ट सोडा आणि सांगा की तिथल्या प्लेटच जड होत्या. यावेळी खोटंही बोलावं लागणार नाही.