करवत नेमकी कुठे लावायची

मे महिन्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या घराची खिडकी दाखवत म्हणाली, "बघ गं, सगळं कसं भगभगीत!" बाहेरच्या सोनमोहराचा नुसता खांब उरला होता. पावसाळ्याआधीची छाटणी. सोसायटीच्या ग्रुपवर तोवर जुंपली होती. एक गट म्हणे, ही छाटणी नव्हे, कत्तल. दुसरा म्हणे, उद्या फांदी गाडीवर पडली तर भरपाई तुम्ही देणार का? मी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत बसून वाचत राहिले. बोलले असते तर 'तुम्हाला तिकडून बोलायला काय जातंय' हे उत्तर ठरलेलं.

पण यंदा जानेवारीत मी स्वतः झाडं छाटून आले. इथल्या एमा प्रश फार्म पार्कमध्ये दुर्मिळ फळझाडांची बाग आहे आणि तिची देखभाल हौशी मंडळीच करतात. गेल्या गेल्या सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, हातात मिळेल असं वाटलं होतं. तासभर नुसतं बघायला लावलं. पीचला फळ गेल्या वर्षीच्या काडीवर धरतं, म्हणून ते सढळ हाताने छाटायचं. सफरचंद जुन्या, आखूड फांद्यांवर धरतं, तिथे हात आवरायचा. जाड फांदी असली तर आधी खालून थोडा काप, मग जरा पुढे वरून. वजन उतरलं की उरलेला खुंट बुंध्याजवळच्या फुगीर कड्याला धक्का न लावता काढायचा. खालचा काप राहिला तर फांदी पडताना बुंध्याची साल सोलत नेते. मी विसरलेच. वीतभर साल गेली. शेजारचे आजोबा काही बोलले नाहीत, त्या जागेवर बोट ठेवून उभे राहिले फक्त.

अमेरिकन वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं, की झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही. झाड आतून भिंत घालून सडका भाग वेगळा पाडतं. शेंडाच उडवला तर ते नीट साधत नाही. वरून कूज उतरते आणि कडेने फुटलेले धुमारे वरवर चिकटलेले असतात. ते जाड झाले की वाऱ्यात आधी तेच मोडतात. म्हणजे गाडीची काळजी असलेल्यांनीच या खांबाला घाबरायला हवं!

पर्जन्यवृक्षावर नागरिकांनी चढावं असं मी म्हणत नाही. इथंही आमचे पाय जमिनीवरच होते. महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याने झाड कापायच्या परवानगीची सोय केली आहे, पण आपलं भांडण कापायचं की नाही इथंच संपतं. कसं कापायचं हे कोयता घेऊन वर चढणाऱ्या पोराला कुणी सांगितलेलं नसतं, आणि खाली उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्यालाही. महापालिकेसमोरच्या कचराळी तलावावर रोज सकाळी एवढी माणसं चालतात. तिथल्या झुडपांवर एखाद्या रविवारी तासभर शिकायला काय हरकत आहे?

परवा आईचा पुन्हा फोन. "बघ, पालवी फुटली!" एकाच जागेवरून पाच-सहा धुमारे. त्यातले चार काढायला सांग म्हटलं, तर म्हणाली, "तिकडे जाऊन कसाई झालीस की काय?"