सुवर्ण त्रिकोणात सुरगाणा कुठे?

‘मुंबई-पुणे-नाशिक हा सुवर्ण त्रिकोण. इथे उद्योग आपोआप आले, समृद्धी महामार्गामुळे आणखी येतील. नाशिक जिल्हा पुढारलेलाच आहे, अन्यायाचं रडगाणं बंद करा.’ असा मजकूर नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. गावाचा अभिमान मलाही आहे, पण यातलं एकेक वाक्य तपासू.

आधी ते ‘आपोआप’. नाशिकरोडची सिक्युरिटी प्रेस 1925 सालची, ब्रिटिश सरकारने काढलेली. 1963 मध्ये संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले आणि 1964 मध्ये ओझरच्या मिग लढाऊ विमानांच्या कारखान्याची सुरुवात झाली. योगायोग म्हणायचा तर म्हणा! त्याच योजनेत इंजिनं ओडिशातल्या कोरापूटला गेली आणि इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादला. म्हणजे काय कुठे न्यायचं, हे दिल्लीत बसून कुणीतरी ठरवत होतं. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीसुद्धा एमआयडीसीने जागा आखून, पाणी आणून वसवल्या.

त्रिकोणाची नाशिक-पुणे ही बाजू रेल्वेच्या नकाशावर अजून उमटलेली नाही. मनमाड नाहीतर कल्याणवरून वळसा घ्या.

समृद्धी चांगलीच आहे. पण सोयी झाल्या की धंदा चालतोच, असं सिन्नरकरांना तरी सांगू नका. तिथे 1350 मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प बांधून झाला आणि वीजखरेदीचा करार नाही म्हणून वर्षानुवर्षे बंद राहिला.

खरी मेख ‘पुढारलेला जिल्हा’ या शब्दांत आहे. सातपूरचे कारखाने, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागा आणि सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांचे डोंगर एकत्र मिसळून जो आकडा निघतो, तो यांतल्या कुणाचाच नसतो. सुरगाण्याची माणसं त्याच बागांत छाटणीला, खुडणीला मजुरीवर जातात, म्हणजे जिल्ह्याच्या सुबत्तेत त्यांचा घाम आहे, वाटा नाही. 2022 मध्ये सुरगाणा तालुक्यातल्या काही सीमावर्ती गावांनी रस्ते, पाणी, दवाखाने मिळत नसतील तर आम्हाला गुजरातमध्ये टाका, अशी उघड मागणी केली होती. तेव्हा हा त्रिकोण कुणाला आठवला नाही.

राज्य पातळीवरही हेच घडलं. 1994 मध्ये मागे राहिलेल्या भागांना निधीचा न्याय्य वाटा मिळावा म्हणून वैधानिक विकास मंडळं झाली तेव्हा विदर्भ आणि मराठवाडा वेगळे धरले आणि सुरगाणा थेट मुंबई-पुण्याबरोबर ‘उर्वरित महाराष्ट्रा’त बसवला! राज्यातल्या प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणाऱ्या केळकर समितीने 2013 च्या अहवालात जिल्ह्याऐवजी तालुका हे एकक धरलं. त्या हिशेबाने सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरचे आकडे वेगळे मांडा, मग ‘पुढारलेला’ हा शब्द कुठल्या तालुक्यांपुरता उरतो ते बोलू.