उन्हाळा नसलेलं नागपूर

नागपूरवर लिहिलेली सगळ्यात लोकप्रिय विज्ञानकथा कुठल्याच पुस्तकात नाही. ती मोबाइलवर येते. येऊ घातलेल्या प्रकल्पाची थ्रीडी फीत असते: चकाचक उड्डाणपूल, नदीकाठी हिरवळ, फुगे घेतलेली पोरं. भाच्याने अशीच एक पाठवली आणि खाली लिहिलं, "मामा, याच्यात उन्हाळाच नाही जी." खरंच नव्हता. कुठल्या खिडकीला कूलर नाही, तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटीवर निघालेली मुलगी नाही. २०१३च्या मेमध्ये पारा ४७च्या वर गेला होता तो याच गावात.

मी राहतो त्या नेदरलँड्समध्ये उद्याच्या चित्रात पूर आधी काढतात. १९५३च्या समुद्री पुरात इथली १,८३६ माणसं गेली, ती धास्ती अजून जिवंत आहे. नाइमेखेन शहरात वाल नदीला पुरात पसरायला जागा मिळावी म्हणून बांध ३५० मीटर मागे सरकवला, सुमारे ५० घरं हलवली. घरं गेली ते चिडलेच, आणि पाणीमंडळाचा, म्हणजे बांध आणि पाणी सांभाळणाऱ्या स्थानिक संस्थेचा, कर भरताना आजही सगळे कुरकुरतात. डच लोक काही देवमाणसं नाहीत.

आपल्याकडे २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. त्यावर बातम्या झाल्या, कोर्टकचेरी झाली. कथा मी तरी वाचली नाही.

मराठीत विज्ञानकथेचं हे वळण नवं थोडंच आहे? १९७४ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा धाडली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. पुढे 'हिमप्रलय'मध्ये त्यांनी चक्क मुंबईत बर्फ पाडला. विज्ञानकथा हे साहित्य की विज्ञानप्रसार, हा गावाकडचा वाद मला आता शिळा वाटतो. मला खुपतं ते वेगळंच. मुंबईला निदान प्रलय तरी मिळतो! विदर्भ मराठी पानांवर येतो तो वाघ म्हणून, नाहीतर शेतकऱ्याची आत्महत्या म्हणून. आमच्या वाट्याला भविष्यच येत नाही. मग ती रिकामी जागा ठेकेदाराची फीत भरून काढते, आणि पोरांना तेच आपलं गाव वाटायला लागतं.

नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राचा कोळसा बंद पडला तर तिथला कंत्राटी कामगार कुठे जाईल? मेमध्ये शाळा रात्री भरतील का? लग्नाच्या तिथी पंचांग ठरवेल की हवामान खातं? दिवाळी अंकवाल्यांनी एकदा एवढाच विषय द्यावा: २०६०च्या मे महिन्यातलं नागपूर. बक्षिसाचे पैसे मी युरोत पाठवतो.